दम धरा

पहाटे पावणेचारला ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं आणि सर्जन बाहेर आले. टोपीच्या इलॅस्टिकचा लाल वळ कपाळावर तसाच होता. "झालं," ते म्हणाले. "फाटलेला भाग काढून तिथे कृत्रिम नळी शिवलीय. हृदय चांगलं चाललंय." वहिनी मटकन बाकावर बसल्या. मी फोन काढून सगळ्यांना एकच ओळ पाठवली : दादाचं ऑपरेशन यशस्वी. ती ओळ जातेय तोवर मागून भूलतज्ज्ञ बाई आल्या आणि मास्क हनुवटीखाली ओढत म्हणाल्या, "फुप्फुसं मात्र जरा रुसलीयत. बघू या."

ते 'मात्र' मी कुणाला कळवलं नाही. एवढं मोठं काम पार पडल्यावर रुसव्याफुगव्याचं काय घेऊन बसायचं, असं वाटलं. पुढचे चौतीस दिवस आम्ही त्या रुसव्याची मनधरणी करण्यात काढले.

दुखणं महाधमनीचं होतं. हृदयातून निघून छातीत वर चढणारी, कमान घेऊन पाठीकडे वळणारी आणि मग पोटात उतरणारी ही शरीरातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी. तिची भिंत तिपदरी असते. आतला पदर कुठे फाटला की रक्त त्या चिरेतून पदरांच्या मधे घुसतं आणि प्रत्येक ठोक्याला भिंत उसवत पुढे सरकतं. अस्तर सुटलेल्या कोटात हात घालताना तो बाहीऐवजी भलत्याच पोकळीत जातो ना, तशी रक्ताला एक खोटी वाट सापडते. डॉक्टर त्याला डायसेक्शन म्हणतात. हृदयालगतच्या चढत्या भागात ते झालं असेल तर 'टाइप ए'. त्यात ऑपरेशन झालं नाही तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन रुग्ण दगावतात, असा हिशेब वैद्यकाची पुस्तकं वर्षानुवर्षं मांडत आली आहेत.

दादाला आदल्या संध्याकाळी दुखायला लागलं. "पाठीत सुरी खुपसून कुणीतरी खाली ओढतंय," एवढंच बोलला आणि घामाने डबडबला. वय छप्पन्न, ब्लडप्रेशरची गोळी आठवली तर घ्यायची, सिगारेट बारा वर्षांपूर्वी सोडलेली. पहिल्या ठिकाणी कार्डिओग्राम काढला, त्यात थोडे बदल दिसले, आणि हार्ट अटॅक समजून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या. तासाभराने एका नर्सने सहज दुसऱ्या हाताचं प्रेशर घेतलं. उजव्या हाताला 170, डाव्याला 110. तिने पट्टा सोडून पुन्हा बांधला, पुन्हा तेच. मग सीटी स्कॅन, मग अॅम्ब्युलन्स, मग मोठं हॉस्पिटल.

त्या गोळ्यांबद्दल माझ्या मनात बरेच दिवस राग होता. आता तितका नाही. छातीत कळ आलेल्या शंभर माणसांत हार्ट अटॅकवाले पुष्कळ असतात आणि डायसेक्शनचा एखादाही नसतो. समोरचा डॉक्टर ज्याची शक्यता जास्त तेच आधी धरणार. पण त्या गोळ्यांचा परिणाम पुढे काय झाला ते सांगायला हवं. रक्त पातळ झालेलं, त्यामुळे टाके घातल्यावरही ते थांबेना. ते गोठावं म्हणून प्लाझ्मा, प्लेटलेट्स, वाहून गेलं म्हणून रक्त. सगळ्या मिळून सव्वीस पिशव्या चढल्या. आणि दुसऱ्याचं रक्त, त्यातही प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स, कधी कधी थेट फुप्फुसांवर उलटतात. त्यातली प्रथिनं आपल्या पांढऱ्या पेशींना चिथावतात, शिवाय एवढा द्रव अंगात मावत नाही तो निराळाच. पाठीतल्या त्या कळेपासून फुप्फुसांपर्यंत अशी साखळी होती, आणि तिची एकेक कडी आम्हाला नंतर, उलट्या क्रमाने सापडत गेली.

आयसीयूच्या डॉक्टरांना मी दुसऱ्या दिवशी विचारलेला प्रश्न आज बाळबोध वाटतो. "पण फुप्फुसांना तर कुणी हातही लावला नाही ना?"

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि एका कोऱ्या चार्टच्या पाठीवर चित्र काढायला सुरुवात केली. त्या गृहस्थांचे उपकार मी विसरणार नाही. रात्रभर जागलेले होते, तरी दहा मिनिटं बोलले.

महाधमनी शिवायची तर ती रिकामी हवी, म्हणजे हृदय थांबवायला हवं. मग रक्त शरीराबाहेर काढून हार्ट-लंग मशीनमधून फिरवायचं. तिथेच त्याला ऑक्सिजन द्यायचा आणि परत आत सोडायचं. असं मशीन माणसावर पहिल्यांदा यशस्वी झालं ते 1953 च्या मे महिन्यात, जॉन गिबन या अमेरिकन सर्जनच्या हातून. त्याआधी उघड्या, थांबलेल्या हृदयावर निवांतपणे काम करणं जवळजवळ अशक्यच होतं. दादाच्या बाबतीत एवढ्याने भागणार नव्हतं. चीर कमानीपर्यंत गेलेली, तिथे शिवायचं तर मशीनचा प्रवाहसुद्धा काही वेळ बंद ठेवावा लागतो. म्हणून अंग थंड करत 24 अंशांवर आणलं, मेंदूला तेवढं रक्त वेगळ्या नळीने चालू ठेवलं, आणि बाकीच्या शरीराचा रक्तपुरवठा 31 मिनिटं थांबवला. थंड शरीराची मागणी कमी असते, तेवढा वेळ ते तग धरतं.

"आणि या सगळ्या वेळात फुप्फुसं काय करतात?" डॉक्टरांनी मलाच विचारलं. मग चित्रातल्या दोन फुग्यांवर फुली मारली. "काहीच नाही. हवा नाही, रक्त जवळपास नाही. साडेतीन तास मिटून पडलेली असतात."

एखादा अवयव नुसता पडून राहिला तर त्याचं बिघडतं काय? तर हे. फुप्फुसात कोट्यवधी हवेच्या पिशव्या असतात. सगळ्या उलगडून पसरल्या तर साधारण 70 चौरस मीटर भरतील, असं म्हणतात. त्या मिटून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून आतून साबणासारखा एक पातळ लेप असतो. फुप्फुस मिटून राहिलं की तो लेप बिघडतो, पिशव्या चिकटतात, आणि परत उघडायला जास्त जोर लागतो. त्यात रक्त तासन् तास प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरलेलं. शरीराच्या लेखी तो परका मुलूख. रक्तातल्या सगळ्या संरक्षक यंत्रणा खडबडून जाग्या होतात, पांढऱ्या पेशी चवताळतात. मशीन बंद करून रक्त पुन्हा फुप्फुसांतून सोडलं की या चवताळलेल्या पेशींना वाटेत पहिली बारीक चाळणी लागते ती तिथलीच. त्या तिथे अडकतात आणि शत्रू समजून भिंतीच पोखरतात. हवा आणि रक्त यांच्यामधली ती भिंत किती जाड, तर एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी. ती झिरपायला लागते. हवेच्या जागी पाणी येतं.

"आणि डायसेक्शन म्हणजे मुळात अंगभर आग," डॉक्टर पेनाचं टोपण लावत म्हणाले. "यांचा ऑक्सिजन ऑपरेशनच्या आधीच खाली होता. म्हणजे फुप्फुसं थिएटरात आली तीच अर्धी भिजलेली."

मी तो कागद मागून घेतला. अजून आहे.

चौथ्या दिवशी त्या रुसव्याला नाव मिळालं : एआरडीएस, म्हणजे श्वसन एकाएकी बिघडवणारा फुप्फुसांचा आजार. 1967 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बारा रुग्णांवरून हे पहिल्यांदा नीट लिहून ठेवलं. कारणं वेगवेगळी, कुणाला अपघात, कुणाला न्यूमोनिया, पण फुप्फुसं सगळ्यांची सारखीच ताठ आणि पाणावलेली. ते किती गंभीर हे ठरवायला 2012 पासून एक सोपा भागाकार वापरतात. रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब घ्यायचा आणि मशीनमधून दिल्या जाणाऱ्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने भागायचं. निरोगी माणसात उत्तर चारशेच्या वर येतं. तीनशेच्या खाली आलं की आजार, शंभर किंवा त्याखाली असलं तर तीव्र. दादाचा दाब 72, आणि हवेत 80 टक्के ऑक्सिजन. 72 भागिले 0.8. नव्वद.

मला गणित आवडतं, हे माझं दुर्दैव. त्या दिवसापासून मी वही केली. सकाळ-संध्याकाळ ब्लड गॅसचा रिपोर्ट आला की भागाकार करायचा आणि वहीत टिपायचा. 90, 96, 88, 104. शंभरी ओलांडली त्या संध्याकाळी मी वहिनींना जवळजवळ पेढे वाटण्याच्या सुरात सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 91 आला. "भाऊजी," वहिनी शांतपणे म्हणाल्या, "मला यापुढे आकडा सांगू नका. ते कसे आहेत तेवढंच सांगा." मला त्या प्रश्नाचं उत्तर आकड्याशिवाय येत नव्हतं.

डॉक्टरांनीही वही बघितली. हसले नाहीत. म्हणाले, "सकाळचा आकडा संध्याकाळपर्यंत शिळा होतो. तीन दिवस दम धरा, मग पाठीमागचे सगळे एकत्र वाचा."

दम धरा. त्या महिन्यात हे शब्द मी इतक्यांदा ऐकले की त्यांचा अर्थच पुसट झाला, आणि मग एका रात्री बाकावर बसून त्यांच्याकडेच बघत राहिलो. दम लागतो तेव्हा तो श्वास असतो, धरतो तेव्हा धीर. देतो ती धमकी, खातो ती विश्रांती. कुणाच्या बोलण्यात दम असतो, कुणी बारा तास दमून घरी येतो. ज्या कुणी पहिल्यांदा धीराला आणि श्वासाला एकच शब्द वापरला त्याचं कुणीतरी नक्की आत असणार आणि तो बाहेर बसलेला असणार. (भाषाशास्त्रज्ञ याला हसतील. हसू देत.)

व्हेंटिलेटरबद्दल माझी समजूत अशी, की श्वास कमी पडतोय तर मशीनने भरपूर द्यावा. झालं उलटंच. स्क्रीनवर प्रत्येक श्वासाचं माप येई, साधारण 400 मिलिलिटर. निवांत बसलेला माणूससुद्धा एका वेळी अर्धा लिटर घेतो. मी नर्सला गाठलं, "एवढा दांडगा माणूस, 94 किलोचा, आणि त्याला एवढीशी हवा?" तिने शांतपणे सांगितलं की हिशेब वजनावर नसतो, उंचीवर असतो. दादा 170 सेंटिमीटर. त्या उंचीच्या पुरुषाचं हिशेबातलं वजन 66 किलो, आणि किलोमागे 6 मिलिलिटर. "पोट सुटलं म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत हो," ती म्हणाली. दादा शुद्धीवर असता तर या वाक्यावर त्याने तिला तासभर उत्तर दिलं असतं.

यामागे 2000 साली प्रसिद्ध झालेला एक मोठा अमेरिकन अभ्यास आहे. 861 रुग्ण. निम्म्यांना किलोमागे 12 मिलिलिटरचे भरघोस श्वास, निम्म्यांना 6 चे. भरघोसवाल्यांत जवळपास 40 टक्के दगावले, कमीवाल्यांत 31. ताठ झालेल्या फुप्फुसात उघडा भाग थोडाच उरलेला असतो, आणि सगळी हवा त्याच भागात कोंबली जाते. म्हणजे त्याआधी कित्येक वर्षं चांगल्या हेतूने चांगल्या डॉक्टरांनी फुप्फुसांना इजा केली होती, आणि कुणाला ते दिसत नव्हतं. मला हे वाचून भीती वाटायला हवी होती. उलट बरं वाटलं. कुणीतरी मोजून बघितलं होतं.

मग पालथं घालायचं ठरलं. माणूस उताणा असला की हृदयाचं आणि साचलेल्या पाण्याचं ओझं फुप्फुसांच्या पाठीकडच्या भागावर येतं, आणि तो भाग बंद पडतो. पालथं घातलं की पाठ मोकळी होते. दिवसातून सोळा-सोळा तास असं ठेवल्याने तीव्र आजारात मृत्यू निम्म्यावर आल्याचं 2013 च्या एका फ्रेंच अभ्यासात दिसलं होतं. अडचण एकच, आणि ती मोठी : दादाच्या छातीचं हाड मधोमध कापून स्टीलच्या तारांनी बांधलेलं, थोड्याच दिवसांपूर्वी. त्या छातीवर पालथं? सर्जन आणि आयसीयूचे डॉक्टर काचेच्या दारापलीकडे बराच वेळ बोलत होते. ऐकू येत नव्हतं, हात दिसत होते. सर्जनचे तळवे एकमेकांवर घट्ट दाबलेले, हाड जुळवून दाखवल्यासारखे.

शेवटी केलं. सहा जण लागले. एक डोक्याशी, फक्त तोंडातली नळी धरायला, आणि आकडे तोच मोजणार : एक, दोन, तीन. छातीखाली आणि कमरेखाली उशा, म्हणजे हाडावर थेट भार नको. मला लांबून दादाची पाठ दिसली. लहानपणी नदीत पोहताना मी ती धरून तरंगायला शिकलो होतो. डाव्या खांद्यावरचा तीळ तिथेच होता. सोळा तासांनी सरळ केलं तेव्हा चेहरा इतका सुजला होता की वहिनी दारातून परत फिरल्या. भागाकार मात्र 148 आला. मी तो कुणाला सांगितला नाही. वहीत लिहून वही मिटली.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असतं तर हा लेख इथेच संपला असता. सातव्या दिवशी ताप आला. नळीतून सक्शन केलं की घट्ट, हिरवट-पिवळं काही यायला लागलं. तोंडातून श्वासनळीत गेलेली नळी जीव वाचवते आणि जंतूंना रस्ताही देते. म्हणून तर डोक्याकडची बाजू उंच ठेवतात, दिवसातून अनेकदा तोंड साफ करतात. तरी होतं. सक्शनचा तो आवाज, पेल्याच्या तळाशी स्ट्रॉने ओढल्यासारखा, मला अजूनही कुठे कानावर पडला की पोटात खड्डा पडतो. मधे डाव्या बाजूला फुप्फुसाबाहेर पाणी साठलं. सुईने 900 मिलिलिटर काढलं, लालसर. बारा दिवस झाल्यावर गळ्याला छेद देऊन ट्रॅकिओस्टॉमी केली. घरच्यांना हा शब्द फार लागतो. आम्हालाही लागला, वाटलं आता हा कायमचा असाच. खरं तर त्यामुळे तोंड मोकळं होतं, गुंगीचं औषध कमी करता येतं, आणि माणूस जागा होतो.

या काळात मी डीबेकीबद्दल वाचलं. मायकेल डीबेकी, ह्यूस्टनचे सर्जन. डायसेक्शनचं ऑपरेशन यशस्वी करून दाखवणाऱ्यांत 1950 च्या दशकातलं पहिलं नाव; या आजाराच्या प्रकारांची एक वर्गवारी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. 2005 च्या अखेरच्या दिवशी, वयाच्या 97 व्या वर्षी, त्यांना स्वतःलाच हे झालं. पुढे फेब्रुवारीत, त्यांनीच घडवलेल्या पद्धतीने त्यांचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम. त्यानंतर कित्येक आठवडे व्हेंटिलेटर, ट्रॅकिओस्टॉमी, डायलिसिस, महिनोन् महिने हॉस्पिटल. मग ते उठले, पुन्हा कामाला लागले, आणि 2008 च्या जुलैत गेले. शंभरीला दोन महिने कमी होते. मला यात आधार सापडला तो ते वाचले याचा नव्हता. ज्याने हे ऑपरेशन शोधलं त्यालाही फुप्फुसांनी सूट दिली नव्हती, हे वाचून मी रात्री जरा झोपलो.

दादा जागा झाला तो चौदाव्या दिवशी. नजर फिरली, माझ्यावर थांबली, पुढे गेली. नंतर त्याने सांगितलं की आपण एका बसमध्ये आहोत अशी त्याची पक्की खात्री होती. व्हेंटिलेटरचा फुस्स आवाज म्हणजे दार उघडतंय, आणि दर वेळी लोक उतरतायत, पण याला कुणी उतरू देत नाही. हा भ्रम आयसीयूत फार जणांना होतो. त्याला वाद घालून घालवता येत नाही. वहिनींनी ते ओळखलं. त्या कानाशी वाकून म्हणायच्या, "आपला स्टॉप यायचाय अजून. मी सांगते."

मशीन सुटायला मात्र नऊ दिवस आणखी लागले, आणि आजाराचा हा भाग मला सर्वांत विचित्र वाटला. फुप्फुसं सुधारत होती. एक्स-रेतला पांढरा ढग विरळ होत होता. अडलं होतं श्वासपटलापाशी. श्वास घेणारा हा मुख्य स्नायू मशीनच्या भरवशावर काही दिवस जरी स्वस्थ बसला तरी वाळायला लागतो. छप्पन्न वर्षं, झोपेतसुद्धा, एकही दिवस रजा न घेता ज्याने काम केलं तो दोन आठवड्यांत विसरला. पहिल्या दिवशी मशीनचा आधार काढला, वीस मिनिटांत धाप, घाम, नाडी 130. परत लावलं. दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं. मग दोन तास. मग एक दिवस पुन्हा पंधराच मिनिटं. शाळेत पोराला सोडतात तसं चाललं होतं, अर्धा दिवस, रडलं की घरी.

एकदा सीटीसाठी खाली न्यायचं होतं. व्हेंटिलेटर सोडवला आणि एका तरुण वॉर्डबॉयने रबरी पिशवी गळ्याच्या नळीला जोडली, आणि लिफ्ट येईपर्यंत, लिफ्टमध्ये, खालच्या लांब बोळात ती हाताने दाबत राहिला. दाब, सोड. दाब, सोड. तो माझ्याशी बोलत होता, त्याच्या ड्यूटीबद्दल काहीतरी, आणि हात चुकत नव्हता. सहा-सात मिनिटं माझा भाऊ त्या पोराच्या मुठीवर जगत होता. 1952 मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली तेव्हा बियॉर्न इब्सेन यांच्या सांगण्यावरून असंच केलं होतं. गळ्याला छेद, नळी, पिशवी, आणि ती दाबायला वैद्यकीय विद्यार्थी, पाळीपाळीने, आठवडेच्या आठवडे. सुमारे दीड हजार विद्यार्थी. आजचे आयसीयू तिथूनच सुरू झाले असं मानतात. वॉर्डबॉयला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "दीड हजार? आमच्याकडे नाइटला दोघंच असतो."

तेविसाव्या दिवशी मशीन सुटलं. काही दिवसांनी गळ्याची नळीही गेली, भोकावर पट्टी आली, आणि दादाने तोंड उघडलं. नुसती हवा. घोगरं, फाटकं काहीतरी. हा माणूस फोनवर बोलला तर फोनची गरज पडायची नाही.

याचंही उत्तर महाधमनीतच निघालं. डाव्या स्वररज्जूला जाणारी नस मेंदूकडून सरळ गळ्यात येत नाही. ती छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि परत वर गळ्यात जाते. असा वेडावाकडा रस्ता का, हा उत्क्रांतीचा जुना पसारा आहे. जिराफात तर हाच वळसा काही मीटर लांब होतो. कमानीवर काम केलं की ही नस दुखावू शकते. आवाज जातो हे एक. त्याहून वाईट म्हणजे स्वररज्जू नीट मिटत नाहीत, खोकल्याला जोर येत नाही, आणि पाण्याचा घोट अन्ननलिकेऐवजी श्वासनळीकडे वळतो. म्हणजे फुप्फुसांना पुन्हा धोका. म्हणून साधं पाणी बंद. घट्ट केलेलं पाणी चमच्याने, हनुवटी छातीला टेकवून, एकेक घोट. पाटीवर त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं होतं : पाणी. खाली : साधं. आणि त्याखाली दोन रेघा.

घरी आलो तेव्हा सोबत तीन चेंडूंचं ते प्लास्टिकचं खेळणं होतं. नळीतून श्वास आत ओढायचा, जोर लावाल तसे एक, दोन, तीन चेंडू वर जातात. दर तासाला दहा वेळा. कापलेलं हाड दुखतं म्हणून माणूस खोल श्वास घ्यायला घाबरतो, वरवरचा घेतो, आणि तळाची फुप्फुसं पुन्हा मिटतात. म्हणून हा उपद्व्याप. खोकताना उशी छातीशी घट्ट कवटाळायची. दादाला या उशीचा मनस्वी राग. छप्पन्नाव्या वर्षी उशी घेऊन घरात फिरायचं! पण विसरला आणि खोकला आला की चेहरा असा व्हायचा की पुतणी धावत उशी आणून द्यायची. तिसरा चेंडू महिनाभर हललाच नाही. पुतणीने त्याचं नाव 'साहेब' ठेवलं. साहेब आज उठले का? नाहीत. साहेब मीटिंगमध्ये आहेत.

सहा महिन्यांनी श्वासाची तपासणी केली, फुप्फुसं बरीच भरून आली होती, पूर्ण नाही. जिन्यावर दुसऱ्या मजल्याला तो थांबतो आणि कठड्यावर हात ठेवून काहीतरी बघायचा बहाणा करतो. आवाज निम्मा परतला. गोळी आता रोज, वहिनींसमोर.

मी त्यांच्याकडे राहिलो ते पहिले तीन आठवडे. रात्री त्याच्याच खोलीत, खाली गादी टाकून. वही हॉस्पिटलातच संपली होती, पण सवय सुटत नव्हती. अंधारात पडून त्याचे श्वास मोजायचो. मोबाइलच्या घड्याळावर एक मिनिट लावायचं, प्रकाश गादीखाली दाबायचा, आणि मोजायचं. सोळा. अठरा. सतरा. मिनिट संपलं की थोड्या वेळाने पुन्हा.

एका रात्री मोजणी अर्ध्यावर असताना वरून ते घोगरं फाटकं बोलणं आलं.

"किती झाले?"

मी दचकलो. "तू जागा आहेस?"

"तुझ्यामुळे. मोजताना तू स्वतःचा श्वास धरून ठेवतोस. मिनिटभर खोलीत काही आवाजच येत नाही. मग एकदम हुस्स करतोस." त्याला मधेच धाप लागली, तो थांबला. उशी ओढल्याचा आवाज आला, खोकला, पुन्हा शांतता. "चौदा दिवस त्या बसमध्ये असाच आवाज ऐकला मी. झोप आता."

मी मोबाइल पालथा घातला. बराच वेळ मग आम्ही दोघंही जागेच होतो, आणि एकमेकांना कळू नये म्हणून हळू श्वास घेत होतो.